म्हाताऱ्या कुत्र्याचा खर्च उचलायचाय? मग हे वाचा

रत्नागिरी, मालवणकडे राहताय आणि घरी कुत्रा ठेवणं जमत नाही, तरी शेल्टरमधल्या एखाद्या म्हाताऱ्या नाहीतर अपंग कुत्र्याचा महिन्याचा खर्च उचलता येतो. आधी स्वतः जाऊन त्याला भेटा, औषधांची चिठ्ठी बघा. मागचे पाय लुळे पडलेल्याला डायपर लागतात, जखमा होऊ नयेत म्हणून मऊ गादी लागते, लघवी दिवसातून ३-४ वेळा हाताने दाबून काढावी लागते, म्हणजे माणसाचा पगारही आलाच, तो धरूनच आकडा विचारा. पावसाळ्यात गोचिड्या आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) भीती, तेव्हा मे महिन्यातच लस आणि गोचिडीच्या औषधाचे पैसे वेगळे द्या. रक्कम छोटी चालेल पण दर महिन्याला द्या, कारण सांधेदुखीची गोळी मध्येच बंद झाली की बिचाऱ्याला उठताच येत नाही. पावती घ्या, देणगीवर आयकरात सूट (८०जी) मिळते का तेही विचारा.