घरावर किंवा दुकानावर सोलर बसवायचंय? आधी बिल काढा, मग गच्चीवर जा

सोलरचा विचार डोक्यात आला की बहुतेक जण पहिला फोन वेंडरला करतात. तो येतो, गच्चीवर एक नजर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवतो. त्यात पॅनेल कोणत्या कंपनीचं आणि किती वर्षांच्या वॉरंटीचं, याचंच कौतुक जास्त. खरं तर आजच्या घडीला पॅनेल हा या कामातला सगळ्यात कमी कटकटीचा भाग आहे. घोळ होतो तो सावलीत, लोखंडी सांगाड्यात, वायरिंगमध्ये आणि कागदपत्रांत. म्हणून खालची कामं त्याच क्रमाने करा. पहिली दोन तर वेंडरला बोलावण्याआधीच उरका.

1. बारा महिन्यांची बिलं समोर घ्या

एका महिन्याच्या बिलावर हिशोब करू नका. मे महिन्यात एसी आणि कूलर चालतात, जानेवारीत पंखाही बंद असतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, त्यातली युनिटं बेरीज करून वर्षाचा आकडा काढा.

महाराष्ट्रात 1 किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने रोज साधारण 4 युनिटं देतं, म्हणजे महिन्याला 120च्या आसपास. वर्षाला 2,900 युनिटं लागत असतील तर 2 किलोवॉट पुरतं. 4,300 लागत असतील तर 3 किलोवॉट.

इथे थोडं थांबा. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत त्याहून चढा, आणि पुढे आणखी चढा. सोलरची युनिटं वजा होतात ती वरच्या महागड्या टप्प्यातून. त्यामुळे पहिल्या किलोवॉटने जेवढे पैसे वाचतात तेवढे तिसऱ्याने वाचत नाहीत. केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेचं अनुदानही असंच उतरतं आहे: पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. त्यापुढे कितीही बसवा, अनुदान तेवढंच. 'जागा आहेच तर 5 किलोवॉट टाकून घ्या' असं कोणी म्हणालं तर आधी बिल दाखवा आणि वरची 2 किलोवॉट कशासाठी ते विचारा. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरलेली असेल तर गोष्ट वेगळी.

वापर महिन्याला 100 युनिटांच्या आत असेल तर 1 किलोवॉटही बास होतं. अशा घरांसाठी राज्य सरकारची 2025 ची 'स्मार्ट' नावाची वेगळी योजना आहे. आपण तिच्या निकषांत बसतो का, ते महावितरणच्या कार्यालयात विचारा.

2. गच्चीवरच्या सावल्या बघा

1 किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी जागा लागते. सध्याचं 540-550 वॉटचं एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि 28 किलोच्या आसपास वजनाचं असतं. 3 किलोवॉटला अशी सहा लागतात.

जागा मोजणं सोपं असतं, सावली मोजणं राहून जातं. पॅनेलं एकामागोमाग एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली तर त्या ओळीचं उत्पादन त्या पॅनेलच्या एकट्या वाट्यापेक्षा जास्त घटू शकतं. पॅनेलमधले बायपास डायोड आणि हाफ-कट सेल नुकसान आवरतात, पण भरून काढत नाहीत. आणि सावली करायला मोठी इमारतच लागते असं नाही. डिश अँटेना, कपडे वाळत घालायचा पाइप, शेजारच्या नारळाची एक झावळीही पुरते.

पाहणी डिसेंबर-जानेवारीत झाली तर उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात सकाळी नऊला वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुपटीहून लांब असते. पाण्याची टाकी पॅनेलच्या पातळीपेक्षा चार फूट उंच असेल तर नऊ-साडेनऊ फुटांपर्यंत सावली येणार. म्हणून टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम यांच्या दक्षिणेला पॅनेलं घ्या, उत्तरेला नको. पाहणी मे महिन्यात करत असाल तर गच्ची स्वच्छ उन्हात दिसेल आणि फसाल. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, त्या दुपारी टाकीलाही सावली उरत नाही.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे, कल साधारण 15 ते 20 अंश. दक्षिण मिळत नसेल आणि कल कमी ठेवला तर पूर्व-पश्चिम मांडणीतही घट फार होत नाही. त्यासाठी छत तोडायला निघू नका.

3. ऑन-ग्रिड की हायब्रीड, ते ठरवा

हा मुद्दा आधी कळला नाही तर पहिल्याच भारनियमनाला घरात वाद होतात. साधी ऑन-ग्रिड यंत्रणा, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली, लाइट गेली की स्वतःहून बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून उलटा करंट जाऊ नये म्हणून ही सोय सक्तीची आहे. लाइट नसताना वीज हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो.

शहरात आठवड्यात तासभर वीज जात असेल तर ऑन-ग्रिडच घ्या, जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा संच आहे तसा राहू द्या. गावात रोज तीन-चार तास जात असेल तर हायब्रीडचा विचार करा, कारण त्या वेळात ऑन-ग्रिडची निर्मितीही वायाच जाते. बॅटरी घेणारच असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. महाग आहे, पण पाणी भरण्याचा ताप नाही आणि लेड-ॲसिडच्या कितीतरी पट टिकते.

4. पॅनेल निवडा, पण त्यात अडकून पडू नका

पॉलिक्रिस्टलाइन हा जुना प्रकार आता मागे पडला. बाजारात मोनो पर्क आणि टॉपकॉन असे दोन मुख्य पर्याय आहेत. टॉपकॉनची कार्यक्षमता थोडी जास्त, शिवाय उन्हाने तापल्यावर त्याची घट कमी. विदर्भ-मराठवाड्यात या दुसऱ्या गुणाला किंमत आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर दर अंशाला मोनो पर्कचं उत्पादन साधारण 0.35 टक्के कमी होतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग 65 अंशांवर गेला तर तिथेच 14 टक्के गेले. पॅनेलखालून हवा खेळती राहील एवढी उंची ठेवा. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेलं याच कारणाने मार खातात.

अनुदान हवं असेल तर पॅनेल 'डीसीआर' हवं, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं. ते बिगर-डीसीआरपेक्षा महाग असतं, म्हणून दोन कोटेशनांत मोठा फरक दिसला की आधी हेच तपासा. आणखी एक: अनुदान मोजताना पॅनेल आणि सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांतली जी क्षमता कमी असेल ती धरतात.

5. सांगाडा: इथे पैसे वाचवू नका

सांगाड्याला वीस-पंचवीस वर्षं पाऊस-वारा खायचा आहे. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड लोखंड घ्या, जस्ताचा थर किमान 80 मायक्रॉन. रंग मारलेला साधा अँगल कोकणात दोन-तीन पावसाळ्यांत गंजायला लागतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. किनारपट्टीवर असाल तर वाऱ्याच्या किती वेगासाठी सांगाडा केलाय ते कोटेशनवर लिहून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-अलिबागकडे छपरांचं काय केलं ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले की पहिल्या पावसात गळती सुरू होऊ शकते, आणि मग वेंडर कोबा करणाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याऐवजी गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय रोवा. शक्यतो खालच्या बीम-कॉलमच्या रेषेत. जुनी इमारत असेल तर एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सात-आठ फूट उंच सांगाडा महाग पडतो, पण खाली पापड-कुरडया वाळत घालण्यापुरती गच्ची शाबूत राहते आणि सावल्यांचा त्रासही कमी होतो. कौलारू घर असेल तर कौलांवर भार देऊ नका. आधार थेट खालच्या वाशांना किंवा भिंतींना हवा. नाहीतर अंगणात सांगाडा उभारा.

6. अर्ज करण्याआधी बिलावरचं नाव वाचा

अर्ध्या महाराष्ट्रात वीजबिल अजून आजोबांच्या नावावर येतं. अनुदान मात्र बिलावर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात येतं, तेव्हा आधी नावबदल करून घ्या. मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. मुंबईत तुमची जी वीज कंपनी असेल (बेस्ट, टाटा किंवा अदानी) ती निवडा. 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. काम मात्र नोंदणीकृत वेंडरकडूनच करून घ्यावं लागतं, आणि पाच वर्षं देखभाल ही त्याची जबाबदारी.

किमान तीन कोटेशनं घ्या. डीसीआर पॅनेलचं 3 किलोवॉट घरगुती काम साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांत बसतं. उंच सांगाड्याने वाढतं. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे 'अनुदान वजा जाता अमुक' हा आकडा बघून खिशाचा हिशोब करू नका. पूर्ण रकमेची तयारी ठेवा. 3 किलोवॉटपर्यंत तारण न ठेवता कमी व्याजाचं कर्ज राष्ट्रीयीकृत बँकांकडून मिळतं. शेवटचे दहा-पंधरा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागल्यावरच द्यायचे, असं करारात लिहा.

7. बसवताना उभे राहा

पॅनेल चढवायला एखाद-दोन दिवस लागतात. त्या दिवसांत सुट्टी घ्यावी लागली तरी घ्या, कारण पुढे दिसणार नाहीत अशा गोष्टी तेव्हाच दिसतात.

सगळ्यात आधी वायर. पॅनेलखालची डीसी केबल स्लॅबवर लोळत ठेवलेली नको. पावसाळ्यात ती पाण्यात राहते. सांगाड्याला बांधायला साधे पांढरे प्लास्टिक टाय वापरले तर उन्हाने दोन वर्षांत तुटतात आणि केबल लोंबते. उन्हाला टिकणारे काळे टाय किंवा धातूचे क्लिप मागा. दोन केबल जोडणारे एमसी-फोर कनेक्टर नर-मादी एकाच कंपनीचे असावेत आणि योग्य क्रिंपिंग टूलनेच दाबलेले असावेत. पकडीने दाबलेला कनेक्टर ढिला राहतो, तापतो आणि कधीतरी वितळतो. सोलरच्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे. जोडणी झाल्यावर प्रत्येक कनेक्टर हलकेच ओढून बघायला सांगा.

अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे हवेत: सांगाडा व डीसीसाठी एक, इन्व्हर्टरनंतरच्या एसी विजेसाठी एक, आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकासाठी एक. तिन्ही एकाच पट्टीला जोडून मोकळं होणारे कारागीर आहेत. अर्थ टेस्टरने मोजून 5 ओहमच्या आत आकडा दाखवायला सांगा. डीसी आणि एसी दोन्ही डब्यांत सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण) असायलाच हवं. इन्व्हर्टर भिंतीवर सावलीत, हवा लागेल तिथे. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर नको.

सगळं सुरू झालं की मेन स्विच पाडून बघा. इन्व्हर्टर दोन सेकंदांत थांबला पाहिजे. पॅनेलचे सीरियल नंबर स्वतः उतरवून घ्या, बिलाशी ताडून बघा.

दुकान, वर्कशॉप किंवा सोसायटी असेल तर

व्यावसायिक आणि औद्योगिक जोडणीला सूर्यघरचं अनुदान नाही. पण वीजदर चढा आणि वापर दिवसा, म्हणून पिठाची गिरणी किंवा फॅब्रिकेशनचं वर्कशॉप यांचे पैसे अनेकदा घरापेक्षा लवकर वसूल होतात. प्राप्तिकरात सोलरवर 40 टक्के घसारा मिळतो. सीएशी बोलून कोणत्या वर्षात बसवायचं ते ठरवा. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर दुपारी दिलेलं युनिट कोणत्या तासाच्या वापरातून वजा होणार ते लेखी विचारा, नाहीतर परताव्याचा सगळा हिशोब चुकतो. मागणी आकारही (युनिटांवर नव्हे, तर विजेच्या कमाल मागणीवर लागणारा) सोलरने आपोआप कमी होत नाही.

सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करा. गच्ची कोणाची, हा वाद पॅनेल चढल्यावर सोडवणं कठीण जातं.

नेट मीटर लागल्यावर

बिलात आता दोन आकडे दिसतील: ग्रिडकडून घेतलेली युनिटं आणि ग्रिडला दिलेली. जास्त दिलेली पुढच्या महिन्यात जमा राहतात. 31 मार्चला वर्षाचा हिशोब होतो आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना किरकोळ दर मिळतो, म्हणून मोठी यंत्रणा बसवून वीज विकायची स्वप्नं बघू नका. शून्य बिलाची जाहिरातही शब्दशः घेऊ नका. स्थिर आकार राहतोच.

फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दुपारी 3.24 किलोवॉटच्या (540 वॉटच्या सहा) पॅनेलांनी इन्व्हर्टरच्या ॲपवर साधारण 2.4 ते 2.7 किलोवॉट दाखवायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावर आली तर घाबरून वेंडरला फोन करू नका. पावसाळा सोडून पंधरा दिवसांतून एकदा पॅनेलं धुवा, सकाळी उन्हं चढण्याआधी, मऊ मॉपने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर लगेच पुसून घ्या. वाळलेला क्षार एकदा बसला की निघता निघत नाही.