माळ्यावर उतरत्या छपराखाली कपाट कसं बसवावं

कोकणातल्या कौलारू घराचा माळा आढ्याखाली ताठ उभं राहता येईल इतका उंच असतो आणि कडेला जाता जाता गुडघ्यावर येतो. त्या कडेच्या पट्ट्यात मखर, जुन्या गाद्या, पितळी भांड्यांची खोकी असं काहीही ढकललेलं असतं. कपाटाची खरी जागा तीच. छपराची उंची तीन फुटांवर येते तिथे कपाटाचं तोंड ठेवा. कपाटाची खोली अडीच फुटांच्या पुढे नेऊ नका, मागच्या वस्तूपर्यंत हात पोचत नाही.

कौलं चाळून झाल्यावर, पावसाच्या बऱ्याच आधी काम काढा. लाकडावर वाळवीचं औषध मारून घ्या. प्लाय 19 मिमीचा, आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणा. साधा कमर्शियल प्लाय माळ्यावरच्या दमटपणात टिकत नाही.

आधी बैठक. चार इंच उंचीची लाकडी चौकट पाणसळ लावून, खाली पाचरी ठोकून सपाट करा आणि माळ्याच्या फळ्यांना स्क्रूने आवळा.

आता उभ्या फळ्यांचा तिरका माथा. सगळे सांगतात, छपराचा कोन मोजा आणि त्या मापाने कापा. मीही पहिल्यांदा तेच केलं. एका टोकाला कोन घेतला आणि चारही फळ्या एकदम कापल्या. पहिली नीट बसली, तिसरी वाशाला अडली, चौथीच्या डोक्यावर तीन बोटं फट राहिली. जुन्या घरात एक वासा दुसऱ्यासारखा नसतो. कुठे मधोमध पोट आलेलं असतं, कुठे गाठ पुढे आलेली असते. तिथे एकच कोन धरून चालणं म्हणजे प्लाय फुकट घालवणं.

म्हणून पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे फळीच्या मापाचे नमुने, करा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चालतो. फर्मा बैठकीवरच उभा करा, माळ्याच्या जमिनीवर नाही. बैठकीआधी घेतलेलं माप नंतर चार इंचांनी चुकतं. फर्मा ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, धरायला एक माणूस लागतोच, एकट्याने करू नका. मग दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा घ्या. तो वाशाच्या खालच्या अंगाला टेकवून वरून खाली सरकवत न्या आणि ठोकळ्याच्या खालच्या कडेला पेन्सिल धरून पुठ्ठ्यावर रेघ ओढत चला. वाशाचं प्रत्येक वळण पुठ्ठ्यावर उतरतं आणि दोन इंचांची मोकळीक आपोआप सुटते.

जितक्या उभ्या फळ्या तितके फर्मे. सगळे एकावर एक ठेवा, खालची आणि पुढची कड जुळवा. सगळ्या रेघांच्या खाली बसेल अशी एकच सरळ रेघ मारा आणि सगळ्या फळ्या त्याच मापाने कापा. सुतार म्हणेल, प्रत्येक फळी वाशाला चिकटवून देतो, फट दिसणार नाही. ऐकू नका. ती फट हवीच आहे. कौलाला तडा गेला तर पाणी वाशावरून ओघळतं. कपाट वाशाला चिकटलेलं असेल तर हे पाणी थेट फळीत शिरतं. माझ्या पहिल्या कपाटाची मागची फळी दोन पावसाळ्यांत फुगून सुटली. आतल्या गोधड्यांवर काळी बुरशी धरली होती, त्यातली आजीने शिवलेली एक टाकून द्यावी लागली.

याच कारणाने वाशाला किंवा रिपेला (कौलांखालच्या आडव्या पट्टीला) एकही खिळा मारायचा नाही. कपाट बैठकीवर स्वतःच्या बळावर उभं राहिलं पाहिजे.

माथ्यावर 12 मिमीचं झाकण, वरून ऑइलपेंटचे दोन हात. झाकणाची खालची कड पाठीच्या फळीच्या इंचभर मागे काढा, म्हणजे चुकून पडलेलं पाणी कपाटाच्या मागे गळेल. हवा खेळायला पाठीला खाली-वर बोटभर भोकं पाडा आणि त्यांवर बारीक जाळी ठोका, उंदीर शिरत नाहीत.

दारं साधीच ठेवा, बिजागऱ्या स्टेनलेसच्या किंवा पितळेच्या. लोखंडी कोकणात गंजतात.

पहिल्या पावसात कपाट रिकामंच ठेवा. आत तळाला वर्तमानपत्र अंथरा आणि रोज सकाळी हात फिरवून बघा. मोठ्या सरींचे पंधरा दिवस कागद कोरडा राहिला की मगच गोधड्या आत ठेवा.