जीपीआरने जमिनीखालची लाईन शोधताय? या चुका टाळा

जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचं दाखवणारं रडार. हे मशीन भाड्याने आणायचं, रस्त्यावरून एकदा ढकलायचं आणि स्क्रीनवर काही दिसलं नाही की "खाली काही नाही, खोदा" सांगून मोकळं व्हायचं, हे बघून माझं डोकं सणकतं. दिसलं नाही म्हणजे खाली नाही असं नसतं, त्यात आपली काळी माती, ती ओली असली की सिग्नल पार खाऊन टाकते. मुंबईत खारं पाणी मुरलेल्या भरावात तर त्याहून वाईट हाल. सिग्नल किती खोल पोचला ते रिपोर्टमध्ये लिहाच.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे मातीतल्या सिग्नलचा वेग मशीनच्या डिफॉल्टवर सोडणं. मशीन खोली मोजत नाही, सिग्नल जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं, खोली निघते तुम्ही टाकलेल्या वेगावरून. पुण्यात एका ड्रेनेजच्या कामावर ऑपरेटरने वेग 0.1 मीटर प्रति नॅनोसेकंद तसाच ठेवला, हायपरबोला (पाइपमुळे स्क्रीनवर उमटणारी कमान) दिसला 20 नॅनोसेकंदाला, म्हणजे एक मीटर, तसं स्प्रेने लिहूनही टाकलं. पण पाऊस होऊन गेलेला, माती ओली, खरा वेग 0.07 च्या आसपास, म्हणजे पाइप 70 सेंटीमीटरवरच! जेसीबीवाल्याने "अजून फूटभर आहे" म्हणत बकेट घातलं आणि पाण्याची लाईन फुटली, खड्डा बघता बघता भरला, आजूबाजूच्या सोसायट्यांचं पाणी बंद. आणि त्याच लाईनचं व्हॉल्व्ह चेंबर तिथे शेजारीच होतं हो, झाकण उघडून टेप सोडला असता तर खरी खोली मिळाली असती आणि त्यावरून वेगही. मी आधी जवळची सगळी चेंबरं उघडून मोजतो, मगच मशीन चालू करतो, कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करू दे.

रस्त्याच्या लांबीने कार्ट ओढत बसू नका. लाईनी बहुतेक रस्त्याच्या कडेनेच जातात, त्यांना आडवं कापलं तरच हायपरबोला मिळतो, नाहीतर नुसती सपाट रेघ दिसते आणि नवखा माणूस ती मातीचा थर समजतो.

एक हायपरबोला म्हणजे पाइप नव्हे, मुरमातला दगडही तसाच दिसतो. शेजारी शेजारी मारलेल्या दोन-तीन स्कॅनमध्ये सरळ रेषेत आला तरच मार्किंग करा.

900 मेगाहर्ट्झचा अँटेना काँक्रीटसाठी ठीक, पाइपांसाठी 250 ते 400 वापरा.

केबल असेल तिथे लोकेटर (केबलचा विद्युतचुंबकीय सिग्नल पकडणारं यंत्र) पण फिरवा, एकट्या जीपीआरवर भागत नाही.

आणि ट्रायल पिट (खात्रीसाठी आधी खणायचा छोटा खड्डा) हातानेच घ्या, मार्किंगजवळ पहार अजिबात नको, चालू केबलवर बसली तर माणूस जातो.