भारी काळी जमीन वाळताना: उन्हाळी मशागत आणि माती नमुना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला खान्देशातली बहुतेक रानं मोकळी असतात आणि पारा ४२-४४ अंशांच्या घरात. तापी-गिरणेकाठच्या काळ्या जमिनीची पुढच्या हंगामाची घडण याच दिवसांत ठरते.

या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. बारीक पोकळ्यांतलं पाणी निघून जाताना कडेचे कण जवळ ओढतं, म्हणून वाळलेलं ढेकूळ लहान आणि घट्ट होतं. प्रयोगशाळेत पोकळ्या जशाच्या तशा पाहायच्या असतील तर नमुना झटकन गोठवून त्यातला बर्फ निर्वातात उडवतात. १०५ अंशांच्या भट्टीत वाळवला, तर पोकळ्या आकसलेल्याच दिसणार. रानात ही सोय कुठली? आपल्या हाती एवढंच, की औत कोणत्या ओलीवर घालायचं.

ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की माती चेंदली जाते, मोठ्या पोकळ्या बुजतात आणि उन्हात ढेकळं विटेसारखी होतात. भाड्याचा ट्रॅक्टर दारात आलाय म्हणून घाई करू नका. वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना निघालेली ढेकळं खुशाल तापू द्या. वळवाच्या सरीने ती फुटतात, मग वखराची पाळी द्या.

मे अखेरीस ठिबकवर कपाशी लावणाऱ्यांनी भेगा आधी वखराने बुजवाव्यात, नाहीतर पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि बी पडतं तिथलं ढेकूळ आतून कोरडंच राहतं. उभ्या केळीत भेगा पडूच देऊ नका, मुळं तुटतात. पाणी थोडं थोडं पण नियमित द्या, वाळलेली पानं बुंध्याभोवती अंथरा.

तपासणीचा नमुना सावलीत, स्वच्छ कागदावर पसरून वाळवा. उन्हात किंवा तव्यावर तापवलेल्या मातीत पालाश (पोटॅश) आणि मंगलाचे (मँगनीजचे) आकडे बदलतात. खताच्या रिकाम्या गोणीत तर तो भरूच नका. अर्धा किलो पुरे.

पाणी साचून राहणाऱ्या तुकड्यात आणखी एक करा. वाळलेला हरभऱ्याएवढा खडा ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात सोडा, ढवळू नका. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार फसवतात. खडा नुसता फुटून तळाशी बसला तर सेंद्रिय खताची कमी समजा. दुसऱ्या दिवशीही भोवतालचं पाणी गढूळच असेल तर जमीन चोपण (सोडियम वाढून पाणी न मुरणारी) होत असल्याची शंका घ्या. ती सुधारायला जिप्सम किती घालायचं, ते मात्र अहवाल आल्यावरच ठरवा.