प्रोटीनचा डबा घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

माझ्या आतेभावाने जिम लावली आणि पंधराव्या दिवशी ट्रेनरने त्याच्या हातात एक चंदेरी झिपवाली पिशवी ठेवली. वर ना कंपनीचं नाव ना तारीख, नुसतं मार्करने 'रॉ व्हे चॉकलेट' लिहिलेलं (व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेलं प्रोटीन). मी काही बोलायच्या आत हा म्हणतो कसा, शरीर माझं, पैसे माझे, मी काय खायचं ते सरकार कोण सांगणार? म्हटलं एकदम बरोबर, फक्त एवढं सांग की तू नेमकं काय खायचं ठरवलंयस. त्यावर गप्प.

तर हे त्याच्यासाठी, आणि 'माझी मर्जी' म्हणत डबा उचलणाऱ्या सगळ्यांसाठी. मर्जी चालवाच, पण डब्यात काय आहे ते कळून चालवा.

पहिला गैरसमज डब्यावरच्या १४ आकडी एफएसएसएआय (देशाची अन्न सुरक्षा संस्था) नंबरचा. लोकांना वाटतं नंबर आहे म्हणजे सरकारने डबा तपासून ओके केलाय. तसं नाहीये, तो धंदा करायचा परवाना आहे. पूर्वी एफएसएसएआय प्रॉडक्ट बाजारात आणायच्या आधी अप्रूव्हल घ्यायला लावायची, पण ते सगळं नुसत्या अ‍ॅडव्हायझरीच्या, म्हणजे कायद्याचा आधार नसलेल्या पत्रकाच्या, जोरावर चालायचं, म्हणून मुंबई हायकोर्टाने २०१४ मधे ते उडवलं आणि ऑगस्ट २०१५ मधे सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. मग २०१६ ला सप्लिमेंटचे (प्रोटीन पावडरही त्यातच) वेगळे नियम आले, आता २०२२ चे लागू आहेत, त्यात कुठले घटक चालतील आणि किती याच्या याद्या आहेत. यादीत बसतंय ना, मग कंपनी माल सरळ बाजारात आणते. सरकारी माणूस सॅम्पल उचलतो तो नंतर, उचललाच तर! अमेरिकेत तर १९९४ च्या कायद्यापासून सप्लिमेंटला विक्रीआधी मंजुरी लागतच नाही, त्यामुळे 'इम्पोर्टेड आहे' म्हणून हुरळून जाऊ नका.

नंबर खरा आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाका आणि येणारं नाव-पत्ता डब्यावरच्याशी जुळवा. १ ने सुरू होत असेल तर लायसन्स, २ ने असेल तर छोट्या धंद्याचं नुसतं रजिस्ट्रेशन. बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याचा नंबर हवाच, तो बहुतेक वेळा वेगळ्या स्टिकरवर असतो.

आता डबा उलटा करा. 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असं छापलेलं पाहिजे, औषध म्हणून वापरू नये हे पाहिजे, दिवसाला किती घ्यायचं आणि त्याच्यावर जाऊ नका हेही पाहिजे. पुढच्या बाजूला 'डायबेटिस मुळापासून गायब' आणि मागे बारीक अक्षरात औषध नाही, असा डबा दिसला की गपचूप जागेवर ठेवा.

मग घटकांची यादी. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं असतं, म्हणजे व्हे प्रोटीनच्या डब्यात पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या स्वस्त पावडरीचं, असेल तर तुम्ही काय घेताय ते कळलंच. ग्लायसीन, टॉरिन असली सुट्या अमिनो आम्लांची नावं दिसली तर जास्त सावध व्हा. प्रोटीन मोजायची नेहमीची टेस्ट खरं तर नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा हिशोब काढते, त्यामुळे स्वस्तातलं ग्लायसीन घातलं तरी कागदावर आकडा फुगतो. जिमवाले याला स्पायकिंग म्हणतात.

आणि स्कूपचा, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याचा, हिशोब कराच. ३३ ग्रॅमच्या स्कूपमधे २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे साधारण ७३ टक्के. डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन, आलेला आकडा शेंगदाण्याशी ताडून बघा, १०० ग्रॅम दाण्यात जवळपास २५ ग्रॅम प्रोटीन असतं आणि एका अंड्यात ६. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या आकड्यांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. त्यांच्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर म्हणतात बॉडी बनवायला पावडरी टाळाच. मला हे जरा जास्तच वाटतं, तासभर वजनं उचलणारा आणि घरी आठवड्यातून पाच दिवस वरणभात खाणारा पोरगा घेईना का एक स्कूप. पण किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, तिथे मर्जीबिर्जी नाही.

मी सक्तीच्या विरोधात आहे असंही नाही. आयोडीनच्या मिठाचं बघा, आयोडीनशिवायचं मीठ खायला विकायचं नाही हा जुन्या भेसळविरोधी कायद्याखालचा नियम टिकणारा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०११ ला म्हटलं तरी नव्या अन्न सुरक्षा कायद्याखाली सक्ती चालूच राहिली आणि मला ते पटतं, कारण मीठ सगळ्यांच्याच ताटात जातं. प्रोटीनचा डबा ज्याला हवा तोच घेतो, तिथे खायची सक्ती नको आणि बंदीही नको, लेबल खरं असायची सक्ती मात्र कडक हवी.

संशय आला तर? अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० फार कमी लोकांना माहितीये. साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून माल तपासून घेऊ शकतं. अट एकच, घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हा तपासायला देणार आहे. माल नापास झाला तर फी परत मिळते. नुसती तक्रार करायची तर त्याच फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर करा किंवा एफएसएसएआयच्या १८००११२१०० वर फोन लावा. बिल, बॅच नंबरचा फोटो आणि रिकामा डबा जपून ठेवा, आई रद्दीत देते.

भावाने पिशवीचं बिल मागितलं तर ट्रेनर म्हणाला, अरे बिल कशाला, मी आहे ना. पिशवी अजून फ्रीजवर पडलीये. तो सध्या फुटाणे खातोय.