‘हुरूप’ लिहिताना या चुका टाळा

रंगपंचमी जवळ आली की नाशकात फ्लेक्सच्या मजकुरांची घाई सुरू होते. ओळखीची मंडळं माझ्याकडे मजकूर तपासायला पाठवतात आणि त्यात एक शब्द हमखास चुकलेला असतो: हुरूप. कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, बहुतेक वेळा अर्थच चुकतो. इतका गोड शब्द असा वाया गेलेला मला पाहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हुरूप आणि उत्साह एकच समजणं. यंदा एका फ्लेक्सवर होतं, ‘नाशिककरांचा हुरूप शिगेला!’ शिगेला पोहोचतो तो उत्साह. नाशकातल्या तिवंधा चौकातली रहाड डोळ्यांसमोर आणा. जमिनीखालचा पेशवेकालीन हौद, एरवी झाकलेला, पंचमीला रंगाने भरलेला. पहिल्यांदाच आलेला पोरगा घरून निघतो तेव्हा त्याच्यापाशी उत्साह असतो. काठावर आल्यावर मात्र पाय थबकतात. रहाडीत मारलेल्या उडीला इथे धप्पा म्हणतात. मागून कुणीतरी ओरडतं, ‘मार रे धप्पा, काही होत नाही!’ आधी उडी मारलेले दोघं रंगात निथळत, हसत वर येताना दिसतात, आणि त्याला हुरूप येतो. उत्साह आतूनच असू शकतो. हुरूप यायला बहुधा कुणाचा तरी शब्द, कौतुकाची थाप किंवा छोटंसं यश लागतं. त्याने धप्पा मारल्यावर काठावर जो होतो, तो जल्लोष.

म्हणून हुरूप येतो, चढतो, वाढतो, दुसऱ्याला देताही येतो. ‘हुरूप करा’ असं कुणी म्हणत नाही. शंका आली तर वाक्याला ‘कशामुळे?’ असं विचारून बघा. ‘पहिल्याच कवितेला दाद मिळाली आणि तिला हुरूप आला.’ इथे कारण समोर आहे, शब्द चपखल बसला. कारण सापडत नसेल तर सरळ ‘उत्साह’ लिहा. आणि हुरूप म्हणजे हुरळणं नव्हे. हुरळलेली मेंढी लांडग्याच्या पाठी लागते. हुरूप आलेला माणूस कामाला लागतो.

आता लेखन. ‘हुरुप’ नव्हे, ‘हुरूप’. पण प्रत्यय लागला की ‘रू’ ऱ्हस्व होतो: हुरुपाने, हुरुपाला. कुलूप-कुलुपाला तसंच. गोंधळ होतो तो ‘स्वरूप’मुळे. तो तत्सम शब्द आहे, म्हणून ‘स्वरूपाला’ दीर्घच राहतं. ‘जोश’ला शहामृगातला श आणि ‘जल्लोष’ला षटकोनातला ष. ‘उस्फूर्त’ तर सर्रास दिसतं. बरोबर शब्द ‘उत्स्फूर्त’, आणि त्याचा अर्थ भरघोस असा नाही, आपणहून आलेला असा आहे.

यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी एक जपावं. ‘आम्ही खूप उत्तेजित आहोत’ असं निमंत्रणात कधीही नको. उत्तेजन देणं चांगलं, शाळेत ‘उत्तेजनार्थ’ बक्षीसही मिळतं. पण ‘उत्तेजित जमाव’ म्हटलं की लोक दुकानं बंद करतात. ‘कळवताना आनंद होतो’ हे साधं वाक्य पुरतं. तसंच ‘उन्माद’. त्यात भान सुटलेलं असतं, कौतुकाच्या मजकुरात तो घालू नका.

तो फ्लेक्स मी असा करून दिला: ‘पहिला धप्पा तुमचा, हुरूप सगळ्यांना!’