पालक नेमणुकीचा अर्ज : दाखल्यात फक्त आजाराचे नाव पुरत नाही
आजारामुळे स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी पालक, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, नेमण्याच्या अर्जासोबतच्या वैद्यकीय दाखल्यात पुष्कळदा केवळ आजाराचे नाव असते. न्यायालयाला मात्र ती आजारी व्यक्ती नेमके कोणते निर्णय घेऊ शकत नाही हे पाहायचे असते, आणि तेवढ्यावरून तारीख पुढे जाते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी काही आठवडे तारीखवार टिपण ठेवावे : एकच वीजबिल दोनदा भरले, सकाळची गोळी घेतल्याचे आठवले नाही, न वाचताच कागदावर सही केली. ते दाखवून पैसे, उपचार आणि निवास यांविषयीचे मत दाखल्यात स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. तिला अजून जे जमते तेही, किरकोळ वाटले तरी, अवश्य नोंदवावे, कारण अनेक कायद्यांत पालकाला मर्यादित अधिकार देण्याची सोय असते. अर्जाची गोष्ट मात्र तिच्यापासून लपवू नये. न्यायालयापुढे स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी तिला मिळालीच पाहिजे.